गाणे त्यांचे, तिकीट आपले

वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी नाटके दिवाळीनंतर रात्र रात्र रंगतात. त्यांत अलीकडे सिनेमातली गाणीही घुसली आहेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा आपल्या स्नेहसंमेलनाला सूट देतो. गाणारे संस्थेचेच, ऐकणारे फार तर पालक. हौशी मंडळानेही फुकट प्रेक्षकांपुढे खुशाल गावे. तिकीट लावले की मात्र परवानगी आणि रॉयल्टी आलीच. मंडळे म्हणतील, झेपत नाही. मग मंडपवाल्याचे भाडे कसे झेपते? गीतकाराचाच घास तेवढा महाग! उद्या झाडीपट्टीतल्या एखाद्या लेखकाचे पद पुण्यामुंबईत तिकिटावर गायले गेले, तर त्याचा वाटा आपण कोणत्या तोंडाने मागणार? यंदा निदान हॅण्डबिलावर गीतकार-संगीतकारांची नावे तरी छापा.