फणीतली वीज आणि आभाळातली वीज

मैत्रिणींनो, थंडीत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी फिरवली की केस फणीमागे ओढले जातात. नायलॉनची साडी सोडताना चटचट आवाज येतो, अंधारात बारीक ठिणगीही दिसते. हे कुणाचं करणं नाही की बाहेरचं नाही. दोन वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, सारखे भार दूर ढकलतात. इतकं साधं आहे ते!

हेच वळवाच्या ढगात फार मोठ्या प्रमाणावर घडतं. बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात; ढगाच्या वरच्या भागात धन आणि खालच्या भागात ऋण भार साठतो. त्याच्या ओढीने जमिनीवर उलटा भार गोळा होतो. मग उंच झाड किंवा मोकळ्या रानात उभं असलेलं माणूस विजेला जवळची वाट ठरतं.

आपल्या संगमनेर तालुक्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर आभाळ भरून येतं, तेव्हा रानात कोण असतं? खुरपणीला, सोयाबीनच्या सोंगणीला गेलेल्या बायाच. सर आली की त्या बांधावरच्या झाडाखाली जमतात. नेमकी तीच धोक्याची जागा!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' हे अ‍ॅप केलं आहे. आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं. पण बऱ्याच घरांत चांगला मोबाइल असतो घरधन्याच्या खिशात. इशारा पारावर पोचतो, रानात नाही. तेव्हा मजूर बायांच्या प्रत्येक टोळीत एकीच्या तरी फोनवर हे अ‍ॅप हवं. बचत गटाच्या बैठकीत एवढं काम सहज होईल.

फोन नसला तरी कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. आणि वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. बेधडक हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा, १०८ला फोन करा.

आता शेतमालकांना एक विनंती. आभाळ गडगडलं की काम थांबवा, आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. रोज बुडेल या धास्तीनेच बाई रानात थांबते. तासाभराच्या मजुरीपेक्षा तिचा जीव मोलाचा नाही का?