घड्याळजी कोणत्या यादीत?

मनगटी घड्याळे जमविण्याचा छंद आपल्याकडील धनिकांत अलीकडे वाढीस लागला आहे. कारखान्यातील घड्याळ या मंडळींना नको असते. एकट्या कारागिराने स्वतःच्या नावावर मोजकीच घडविलेली घड्याळे हवी असतात. स्वित्झर्लंडच्या फिलिप दुफूर यांनी ‘सिंप्लिसिटी’ नावाची तीन काट्यांची साधी घड्याळे केली, ती दोनशेच्या आसपास. लिलावात त्यांची बोली कोटींच्या घरात जाते. या छंदामुळे हाताच्या कामाचा सन्मान होतो, असे त्याचे समर्थन केले जाते. हा दावा तपासला पाहिजे, कारण श्रमप्रतिष्ठा हा आपला शब्द आहे.

दुफूर किंवा इंग्लंडचे दिवंगत जॉर्ज डॅनिअल्स यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात श्रमविभागणीचा नमुना म्हणून घड्याळाचाच धंदा घेतला आणि एका घड्याळामागे राबणाऱ्या निरनिराळ्या कामगारांची लांबलचक यादी दिली. लंडनच्या दारिद्र्यात वाढलेल्या डॅनिअल्सनी ती विखुरलेली कामे पुन्हा एका माणसाच्या हातांत आणून दाखविली. आक्षेप आहे तो गिऱ्हाइकावर. त्याला हात दिसतात ते फक्त जिनिव्हात.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा सोळा रस्ते जिथे मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईत, काचेची छोटी पेटी पुढ्यात घेऊन, डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. नांदेडात उर्दू बोलणारे त्याला घडीसाज म्हणतात. तो नवे घड्याळ घडवीत नाही, हे खरे. परंतु ज्या घड्याळाचा सुटा भाग कुठेच मिळत नाही, त्याला दुसऱ्याचा भाग कानशीने घासून बसविणे, केसासारखी स्प्रिंग चिमट्याने सरळ करणे, ही विद्या काय कमी प्रतीची आहे? मुंबईच्या कारागिरांनी मेलेली जुनी घड्याळे अशीच जिवंत केली, त्यांच्या तबकड्या पुन्हा रंगविल्या. शौकिनांनी त्यांना नाव ठेवले ‘मुंबई स्पेशल’, आणि तेही नाक मुरडून! रंगविलेली तबकडी मूळची म्हणून विकणारा व्यापारी लबाड खरा. पण कुचेष्टा वाट्याला येते ती रंगविणाऱ्याच्या.

ज्या घड्याळांवर या माणसाचे पोट चालले ती सार्वजनिक क्षेत्राची होती. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळे सुरू केली. त्यांतल्या एका चावीच्या घड्याळाचे नाव ‘जनता’ होते. मराठवाड्यात ते शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, एसटी कंडक्टरच्या मनगटावर आले. (सायकल आणि रेडिओबरोबर ते हुंड्याच्या यादीतही गेले, आणि त्या लग्नांच्या पंगतीला आपले कार्यकर्तेही बसले, हेही नमूद केलेले बरे.) जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. क्वार्ट्झपुढे आणि खासगी स्पर्धेपुढे ती टिकली नाही असे सांगितले गेले. सरकारने ती टिकविण्यासाठी काय केले, हे विचारणारे थोडेच होते. आज तीच ‘जनता’ शौकीन शोधत फिरतात. कारखाना चालू असताना ती त्यांना गावंढळ वाटत होती.

आता सरकारचा न्याय पाहा. 17 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलपे करणारा आहे. घड्याळजी नाही. म्हणजे योजनेतील प्रशिक्षण, अवजारांसाठीचे साहाय्य, सवलतीचे कर्ज, यांपैकी काहीही त्याला नाही. मोबाइलने धंदा आधीच अर्धमेला केला आहे. शिकायला पोरगा येत नाही आणि आला तर त्याला काय द्यायचे, हा प्रश्न त्या म्हाताऱ्या उस्तादापुढे आहे.

रस्त्यावर बसणाऱ्याला एक आधार मात्र कायद्याने दिलेला आहे. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमात रस्त्यावर सेवा देणाराही पथविक्रेता ठरतो आणि शहर समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असतात. नांदेड आणि लातूर या दोन्ही महापालिकांच्या सर्वेक्षणात किती घड्याळजींची नोंद झाली, याची विचारणा आपल्या शाखांनी लेखी करावी, आणि एकोणिसावा व्यवसाय म्हणून घड्याळदुरुस्तीचा समावेश व्हावा यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडे शिष्टमंडळ न्यावे. त्या शिष्टमंडळात पुढची खुर्ची घड्याळजीची असावी.