ग्रंथालयातील सोडत

ग्रंथालयात विद्यार्थ्यांची वर्दळ वाढावी म्हणून पुस्तक नेणाऱ्यांच्या नावांची दर आठवड्यास सोडत काढावी व एखाद्यास अवचित बक्षीस द्यावे, अशी सूचना आपल्या महाविद्यालयात पुढे आली आहे. वर्दळ वाढेल, याविषयी मला शंका नाही. परंतु वर्दळ वाढणे म्हणजे वाचन वाढणे नव्हे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

अवचित बक्षिसाची जादू मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरील प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चकतीवर ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणे मिळत असले, तर दाणे खाऊन कबुतर जरा विसावे. पण दाणे कितव्या चोचीला मिळतील याचा नेम नसला, की ते जवळजवळ न थांबता टोचत राही. दाणे बंद झाल्यावरही पुष्कळ वेळ टोची. लॉटरीचे तिकीट किंवा पैसे दिल्यावर मोबाईलवर खरवडावयाचे कार्ड यांची ओढ याच जातीची. मात्र कबुतराला चकतीची गोडी लागली, असे कोणी म्हणणार नाही!

दुसरा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झालेला. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतील चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना ‘चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातील मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता मिळालेल्या बक्षिसाने मात्र गोडी उणावली नाही.

मला यातील भेद मोलाचा वाटतो. काम झाल्यावर ध्यानीमनी नसता मिळते, ती शाबासकी. जिची वाट पाहावयास लावून माणसाला खेटे घालावयास लावले जाते, ते आमिष. सोडतीची सूचना फलकावर लागली, की तिच्यातील शाबासकी संपते व आमिष उरते. मग विद्यार्थी पुस्तक नेईल, न उघडता परत करील आणि पुन्हा नेईल. नोंदवहीत मात्र आपण सारे वाचक ठरू!

तेव्हा सोडतीचा पैसा विद्यार्थ्यांनी मागितलेल्या पुस्तकांवर खर्चावा आणि वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा. आणि एखाद्या प्राध्यापकांनी वाचलेल्या पुस्तकावर नेमके बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती एखादे पुस्तक सहज ठेवले, तर त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याची सूचना फलकावर लावू नये.