खात्यात पडून राहिलेले पॉइंट्स

तिकीट काढताना नाव, पासपोर्ट, मोबाइल एवढे भरून झाले की आपल्यातले बहुतेक एजंट थेट पेमेंटकडे वळतात. फ्रीक्वेंट फ्लायर क्रमांकाचा रकाना रिकामाच राहतो. ग्राहक विचारत नाही आणि आपण सांगत नाही. अंधेरी-मरोळच्या कारखानदाराला महिन्यातून दोन-चारदा दिल्ली किंवा बंगळूर गाठावे लागते, बोरिवली-मुलुंडच्या आईवडिलांची न्यू जर्सीची फेरी दर एक-दोन वर्षांनी ठरलेली असते. ज्यांच्याकडे असे ग्राहक आहेत त्यांनी हा रकाना सोडला, तर ग्राहकाचा हक्काचा परतावा बुडतो, एवढे सरळ आहे. पण दुखणे इथेच संपत नाही. ज्यांनी क्रमांक घेतला आणि पॉइंट्स जमवले, त्यांतले कित्येक जण ते खर्चच करत नाहीत. मुदत ठेव असावी तसे ते वर्षानुवर्षे ठेवून देतात, आणि आपणही ‘राहू द्या, पुढे उपयोगी पडतील’ म्हणून मोकळे होतो. आमच्या मते हा सल्ला चुकीचा आहे. पॉइंट्स जमवून देणे जितके आपले काम आहे, तितकेच ते वेळेत खर्च करवून घेणेही आहे. किंबहुना दुसरे काम अधिक निकडीचे आहे.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. किंगफिशर एअरलाइन्सचे मुख्यालय विलेपार्ल्यात, देशांतर्गत विमानतळाला लागून होते. ऑक्टोबर २०१२मध्ये तिची उड्डाणे थांबली आणि किंग क्लबच्या सदस्यांच्या खात्यांतले माइल्स नुसते आकडे उरले. जेट एअरवेजचे कार्यालय अंधेरी पूर्वेला सहार रोडवरच्या सिरोया सेंटरमध्ये. ५ मे १९९३ला सुरू झालेली ही कंपनी १७ एप्रिल २०१९ला थांबली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. जेटच्या सदस्यांचे मात्र किंगफिशरच्या सदस्यांसारखे पूर्ण बुडाले नाही, आणि त्याचे कारण प्रत्येक एजंटाने समजून घेण्यासारखे आहे. जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीकडे होती. २०१४मध्ये एतिहादने १५ कोटी डॉलर मोजून त्या कंपनीत ५०.१ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणून विमाने जमिनीवर आली तरी योजना चालू राहिली आणि २०१९च्या अखेरीस ‘इंटरमाइल्स’ असे नाव घेऊन पुढे गेली. खात्यातला आकडा तोच राहिला. पण तो ज्या कामासाठी जमवला होता, ती जेटची लंडन किंवा ॲमस्टरडॅमची बिझनेस क्लासची सीट आता कुठेच नव्हती. व्हाउचर, हॉटेल, घरगुती वस्तू, दुसऱ्या कंपनीचे तिकीट, यांतले काहीतरी घ्या, एवढाच पर्याय उरला. ज्यांनी २०१८च्या दिवाळीत मुलांकडे जाऊन येण्यासाठी माइल्स वापरले ते फायद्यात राहिले, आणि ‘अजून थोडे जमू देत’ म्हणणारे हळहळत बसले.

कोणी म्हणेल, बुडालेल्या कंपन्यांची उदाहरणे देऊन घाबरवण्यात काय अर्थ आहे. चालू कंपन्यांचे बोला. चालू कंपन्यांत पॉइंट्स बुडत नाहीत, झिजतात. एअर इंडियाने एप्रिल २०२४मध्ये फ्लाइंग रिटर्न्सची घडी बदलली आणि पॉइंट्स अंतरावर न देता भाड्यापोटी मोजलेल्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. पुढे योजनेचे नावही ‘महाराजा क्लब’ झाले. स्वस्तातले तिकीट काढून न्यूअर्कला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठ ग्राहकाला आणि महागडे तिकीट काढून दिल्लीला जाणाऱ्या कंपनीच्या संचालकाला या बदलाने अगदी उलट फळ दिले. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक असे वर्ग झाले. कागदावर कोणाचेही नुकसान नाही. पण पॉइंट्सची खरी किंमत त्यांच्या आकड्यात नसून त्या आकड्यात काय मिळते यात असते, आणि किती पॉइंट्सना काय, हा तक्ता आता एअर इंडियाचा होता. अमेरिकेतही हेच चालले आहे. डेल्टाने २०१५मध्ये आणि युनायटेडने २०१९च्या अखेरीस ठरावीक दरांचा तक्ताच काढून टाकला. आता सीटला जसा भाव तसे माइल्स. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे स्वाभाविक आहे. हिशेबाच्या नियमांप्रमाणे न वापरलेला पॉइंट हे तिच्या ताळेबंदातले देणे असते, आणि हे देणे स्वतःच्या एका परिपत्रकाने कमी करता येते. बँकेला ठेवीदाराचे पैसे असे कमी करता येत नाहीत. बरे, ही योजना म्हणजे कंपनीसाठी किरकोळ भेटवस्तूंचे खाते, असेही कोणी समजू नये. २०२०मध्ये कोरोनाने विमाने उभी राहिली, तेव्हा युनायटेडने आपली माइलेजप्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. जी गोष्ट तारण ठेवून एवढे कर्ज मिळते, तिचे नियम कंपनी कोणाच्या सोयीने ठरवणार?

मग कायद्याचे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात, कंपनीने सदस्यत्व काढून घेतलेल्या एका प्रवाशाची दाद नाकारली. करारात गृहीत धरलेल्या सद्भावनेच्या आधारे तो दावा टिकणार नाही, असे ठरले. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आली आहे आणि एकतर्फी, ग्राहकाला जाचक अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची वाट आहे. ही वाट चांगली आहे, पण चाळीस हजार पॉइंट्ससाठी कोण ती चालणार? तोवर त्या पॉइंट्सचे तिकीट काढून प्रवास झालेला बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॉइंट्सची खरी किंमत लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये निघते. पाच हजारांच्या गोव्याच्या तिकिटावर ते उडवले तर पॉइंटमागे फारसे हाती लागत नाही. हे खरेच आहे, आणि आम्हीही ग्राहकाला मिळेल तिथे ते उधळायला सांगत नाही. फरक ठेवणे आणि जमवणे यात आहे. ‘पुढच्या मे महिन्यात आईवडिलांना बिझनेसने बोस्टनला पाठवायचे’ असे ठरवून जमवलेले पॉइंट्स कामाचे असतात. नुसते पडून असलेले नसतात. ज्या ग्राहकाला असा बेत सांगता येत नाही त्याने ते उपलब्ध असलेल्या पहिल्या समंजस तिकिटावर खर्चावेत. बेत असणाऱ्यासाठी आपले ज्ञान उपयोगी पडते. पारितोषिकाच्या सीटचे बकेट वेगळे असते. स्टार अलायन्समध्ये भागीदार कंपनीचे इकॉनॉमी ‘एक्स’मध्ये आणि बिझनेस ‘आय’मध्ये उघडते. विमानात सीट रिकामी आहे म्हणजे ती मिळेल असे नाही, हे ग्राहकाला माहीत नसते आणि आपल्याला स्क्रीनवर दिसते. तीच गोष्ट ‘फुकट’ तिकिटावरच्या वायक्यू-वायआरची. काही कंपन्यांच्या तिकिटावर इंधन अधिभार आणि कर मिळून इतके होतात की पॉइंट्स राखून सरळ भाडे भरलेले परवडते. हा हिशेब पाच मिनिटांत मांडून दाखवणारा एजंट ग्राहक सहसा सोडत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तर आम्ही एकच नियम सांगतो. बँकेतले पॉइंट्स बँकेतच राहू द्यावेत आणि सीट समोर दिसल्यावरच विमान कंपनीकडे वळवावेत, कारण ते परत येत नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्याच व्यवसायातून येतो, तोही रास्त आहे. यात आपल्याला काय मिळते? २००८मध्ये कंपन्यांनी मूळ कमिशन शून्यावर आणले. पॉइंट्सचे तिकीट बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच निघते, म्हणजे आपल्या हातून एक विक्री गेलीच. तरीही आम्ही म्हणतो की याच कारणासाठी हे काम अंगावर घ्यावे. कमिशन गेल्यापासून आपण सेवाशुल्कावर जगतो, आणि सेवाशुल्क तिकीट छापण्यासाठी कोणी आनंदाने देत नाही. ते सल्ल्यासाठी देतात. घाटकोपरच्या एखाद्या कुटुंबाचे चार सदस्य, तीन योजना, दोन कार्डे यांचा मेळ वर्षातून एकदा घालून देणे ही स्वतंत्र सेवा आहे. तिचे जीएसटीसह स्वतंत्र बिल करा. ग्राहकाला आज हा सल्ला इन्स्टाग्रामवरच्या रीलमधून मिळतो, आणि रील करणाऱ्याला बहुतेकदा कार्ड विकायचे असते.

योजना निवडतानाही हीच सावधगिरी हवी. देशांतर्गत बाजाराचा निम्म्याहून मोठा वाटा असलेल्या इंडिगोने २०२४मध्ये ‘ब्लूचिप’ आणली. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुलुंडच्या ग्राहकाला आता ऐरोली पुलावरून तिकडे वळण्याचा पर्याय आहे. कोणता विमानतळ सोयीचा, तिथून कोण कुठे उडते, त्यानुसार क्रमांक ठरवावा. जाहिरातीतल्या ‘वेलकम बोनस’वर नव्हे.

आता अगदी साध्या पण सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टीकडे. आपल्याकडच्या अनेक पासपोर्टांवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. खाते उघडताना ग्राहक ‘सुनीता कुलकर्णी’ लिहितो, तिकीट ‘कुलकर्णी/सुनीता रमेश’ असे निघते आणि पॉइंट्स जमा होत नाहीत. खाते पासपोर्टाबरहुकूम उघडून द्यावे. पीएनआरमध्ये क्रमांक टाकल्यावर एफक्यूटीव्हीची ओळ खरोखर पुढे गेली का ते पाहावे, विशेषतः कोडशेअर आणि भागीदार कंपनीच्या उड्डाणावर. ग्राहकाला बोर्डिंग पास आणि ०९८ किंवा २२० अशा आकड्यांनी सुरू होणारा तेरा अंकी तिकीट क्रमांक पॉइंट्स जमा होईपर्यंत जपायला सांगावे. राहून गेलेले पॉइंट्स मागायला तेवढेच लागते, आणि त्या मागणीलाही मुदत असते. ग्रुप टूरवाल्यांनी तर आधीच स्पष्ट सांगावे की बहुतेक योजनांत ग्रुप भाड्यावर पॉइंट्स मिळत नाहीत. युरोपहून परतल्यावर होणारा वाद त्याने टळेल.

एक कटू गोष्टही लिहायला हवी. ग्राहकाच्या तिकिटावर स्वतःचा किंवा घरातल्याचा क्रमांक घालण्याचे उद्योग, पॉइंट्स विकत घेऊन त्यांची तिकिटे तिसऱ्याला विकण्याचे उद्योग आपल्याच बाजारात चालतात. जवळजवळ प्रत्येक योजनेच्या अटींत विक्रीला मनाई असते. कंपनीच्या लक्षात आले तर तिकीट रद्द होते, खाते बंद होते, आणि प्रवासी सहारच्या काउंटरवर अडकतो. ग्राहकाचा पासवर्ड आपल्या वहीत ठेवण्याची सवयही सोडायला हवी. ओटीपी त्याने स्वतः टाकावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, आणि लहान ऑफिस म्हणून त्यातून सूट मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

वाचकांना आमची विनंती आहे की दिवाळीच्या गर्दीआधी आपल्या नेहमीच्या ग्राहकांची यादी काढा आणि प्रत्येकाला फोन करून एवढेच विचारा: पॉइंट्स किती आहेत, मुदत कधी संपते, आणि पुढचा प्रवास कुठे आहे?