घरचा सॉस: टिकवण्याचा हट्ट सोडा

उन्हाळ्यात लालबुंद टोमॅटो स्वस्त मिळाले की घरोघरी सॉस होतो. ‘घरचाच आहे, मुलांनी कितीही खाल्ला तरी चालेल,’ असे पालक म्हणतात. मला हे पटत नाही. विकतच्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर असते. वर्षभर टिकावा म्हणून घरीही साखर-मीठ सढळ हाताने घातले, तर फरक काय राहिला? साखर-मीठ कमी घाला, व्हिनेगर मात्र टाळू नका. थोडाच सॉस करा, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. जास्त झाला तर फ्रीझरमध्ये ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर टोमॅटोतील पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. घरचा सॉस चांगलाच. पण चमचा आपल्या हातात असतो, म्हणून.