पोर पास झालें, पण वाचतें काय?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

पोराचें प्रगतिपुस्तक घरीं आलें म्हणजे आपण त्यावर सही करितों किंवा अंगठा उठवितों, पोर वर चढलें कीं नाहीं एवढें विचारतों, आणि तें पुस्तक फळीवर ठेवून देतों. पोर तिसरींत गेलें, चौथींत गेलें, म्हणजे त्याला तेवढी विद्या आली असा आपला समज आहे. हा समज फसवा आहे. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलास नापास करून मागें ठेवण्याची चाल बंद झाली. चाल वाईटच होती. नापासाचा शिक्का बसून गोरगरिबांचींच मुलें गुरांमागें गेलीं. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीला परीक्षेची अट घालण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. पण पहिली ते चौथी पोर आपोआप वर चढतें. तेव्हां 'पास' म्हणजे 'येतें' असा अर्थ धरून बसाल तर फसाल.

किती फसाल तें ऐका. सन २०२४ सालीं देशांतील खेडोपाडीं 'असर' नांवाची पाहणी झाली. तींत सरकारी शाळेंतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतला सोपा उतारा वाचणारीं सुमारें २३ च निघालीं. सन २०२२ मध्यें हाच आंकडा सुमारें १६ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण उरलेल्या सत्त्याहत्तरांचें काय? सरकारी आणि खाजगी शाळा एकत्र धरल्या तरी तिसरीच्या मुलांपैकीं वजाबाकी करूं शकणारीं तिसरा हिस्साच भरलीं. चौथीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान सारें वाचूनच शिकावयाचें असतें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास तेथून पुढच्या सगळ्या वर्गांचीं दारें बंद. तें पोर शाळेंत बसतें, पण शिकत नाहीं. आणि पुढें सातबारा, कर्जाचा कागद, सोसायटीची नोटीस दुसऱ्याकडून वाचवून घेतें.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामांतून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांसाठीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. ह्या थोरांनीं दार उघडलें. आतां तंटा दाराचा नाहीं; आंत गेलेल्या पोराच्या पदरांत काय पडतें ह्याचा आहे.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी नांदली, तेथलें मूल शाळेंत येण्यापूर्वींच अक्षरें ओळखतें. त्याच्या चालीनें वर्ग चालतो, आणि आमचें पोर मागें पडलें कीं 'ह्याला डोकें नाहीं' असा निकाल लागतो. डोकें आहे, घरीं अक्षराची सोबत नाहीं, एवढेंच. ती सोबत आपणच दिली पाहिजे.

येथें पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" बाबांनो, शिकवूं नका, ऐका. रोज संध्याकाळीं पोराला जवळ बसवून मोठ्यानें वाचावयास सांगा. पुष्कळ मुलें धडा पाठ करून म्हणतात आणि आपणांस वाटतें कीं वाचतें आहे. ह्याची पारख अक्षरशत्रूलाही करतां येते. पुस्तक मधूनच उघडा, कोठल्याही शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, "हें काय?" थोड्या वेळानें त्याच शब्दावर पुन्हां बोट ठेवा. दोन वेळां दोन उत्तरें आलीं तर समजा कीं पोर अंदाज बांधतें आहे. खताच्या गोणीवरचीं अक्षरें, लग्नाची पत्रिका, एस. टी.ची पाटी, कांहींही वाचवून घ्या. वाचून झाल्यावर त्यानें काय वाचलें तें त्याच्याच तोंडून सांगवा. अडलें तर मारूं नका, हंसूं नका. अडलेला शब्द खुणेनें ठेवा आणि दुसरे दिवशीं गुरुजींना किंवा बाईंना विचारावयास लावा.

गणिताची गोष्ट अशीच आहे. आपल्या मराठींत 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं येतात, लिहितांना दोन आधीं. म्हणून पोर ५२ लिहितें. 'एकोणतीस' म्हटलें कीं कानावर तीस पडतात, आणि पोर ३९ लिहून मोकळें होतें. सन २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' अशीं नांवें दिलीं, तेव्हां वर्तमानपत्रांत व विधानसभेंत मोठा गदारोळ झाला. नांवें कोणतींही ठेवा. पोराला दहाचा गठ्ठा कळला पाहिजे. तुरीच्या काड्या घ्या, दहा दहाच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि पांच सुट्या म्हणजे पंचवीस. आतां त्यांतून आठ काढावयास सांगा. सुट्या पुरत नाहींत, जुडी सोडावी लागते. वजाबाकींतला हातचा तो हाच.

हिशेब आमच्या घरांत कमी नाहीं. बाजारांत दीड किलो गुळाचे पैसे आमची आई तोंडीं सांगते. सुताराच्या टेपांत, शिंप्याच्या मापांत, कुंभाराच्या रचलेल्या मडक्यांत गणितच आहे. पोरही तोंडीं हिशेब पटकन्‌ करतें. अडतें तें तोंडचा हिशेब कागदावर उतरवितांना. म्हणून बाजारांतून आल्यावर काय आणलें, किती पडले, किती उरले, हें पोराकडून रोज वहींत लिहवा.

ह्यास अर्धा तास पुरे. तेवढा वेळ टीव्ही व मोबाईल बंद ठेवा. आणि त्या अर्ध्या तासांत मुलीला भांड्याला किंवा धाकट्याला सांभाळावयास लावूं नका. मुलाला जें, तेंच तिला. ऊंसतोडीला जाणाऱ्यांनीं पोराला गांवीं आजीपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवण्याची खटपट करावी. नेणें भागच पडलें तर पाटी-पुस्तक बिऱ्हाडाबरोबर गेलें पाहिजे.

पण घरानें सोबत दिली म्हणून शाळेची जबाबदारी सुटली असें कोणीं समजूं नये. पगार आम्ही शिक्षक घेतों. अक्षर शिकविणें आमचें काम आहे, आणि तें सरकारनें आम्हांस करूं दिलें पाहिजे. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत निदान पाऊण हिस्सा पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. पुष्कळ गांवीं ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तेथें जाऊन बसा. शाळेला रंग कधीं देणार, हें मागाहून विचारा, आधीं विचारा कीं, "दुसरींतलीं किती मुलें वाचतात? जीं वाचत नाहींत त्यांच्यासाठीं काय चाललें आहे? शिक्षकाची जागा रिकामी कां?" असा प्रश्न आईनें भर सभेंत विचारला म्हणजे गुरुजीला उत्तर द्यावें लागतें आणि साहेबालाही. हें आमच्या व्यवसायबंधूंस बोचेल, बोचूं द्या.

दागिना मोडून, कर्ज काढून पोराला पुढें मोठ्या शाळेंत घालण्याच्या गोष्टी आपण करितों. पहिल्या तीन वर्षांत वाचन आणि हिशेब आला नाहीं तर तो पैसा पाण्यांत गेला. पाया घालण्यास पैसा लागत नाहीं. अर्धा तास, दहा काड्या आणि ऐकणारा एक कान लागतो. तेवढें आजच्या संध्याकाळपासून करा.

— खेड्यांतील एक शिक्षक