ईदीचे पोपट आणि पावसाचा नवरंग

मागच्या वर्षी रमजान ईदला नातवाची ईदी बरीच जमली. मामूंनी दिली, खालांनी दिली, नानीने लपवून आणखी दिली. मुंब्र्याला परत जाण्याआधी त्याने त्या पैशांचे काय केले, तर पोपटाची दोन पिल्ले घेतली. विकणारा पोरगा ओळखीतला नव्हता. टोपलीवर फडके झाकून रस्त्याकडेला बसला होता. पिल्लांच्या अंगावर पुरती पिसेही नव्हती. आम्ही घरी नव्हतो, असते तरी थांबवले असते का, हे खरे सांगायचे तर ठाऊक नाही. कारण आमच्या लहानपणी याच ओट्यावर पिंजरा टांगलेला होता आणि त्यातल्या मिठ्ठूला अम्मीने सलाम करायला शिकवले होते. येणारा-जाणारा कौतुकाने थांबायचा. मिठ्ठूला कसे वाटते, हा प्रश्न त्या काळी आमच्या घरात कुणाला पडला नाही.

ईदीच्या दोन पिल्लांपैकी एक चौथ्या दिवशी मेले. लेकीने प्रेमाने दुधात पाव भिजवून भरवला होता. दूध पक्ष्यांना पचत नाही. घरोघरी पिल्लांना हेच भरवतात आणि मग ‘नजर लागली’ म्हणतात.

मे महिन्याच्या सुट्टीत नातू टोकावड्याला आला तेव्हा दुसरे पिल्लू पिंजऱ्यात घेऊनच आला. येताच मोबाइल काढून त्याने आम्हाला मकॉ दाखवला. निळी पाठ, पिवळे पोट, लांब शेपटी. म्हणाला, “नाना, पुढच्या ईदला हा घेऊ या. आपल्याकडे असे रंगीत पक्षी कुठे आहेत? आपल्याकडे कावळे आणि चिमण्या.”

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहोत.

मकॉ सुंदर आहे यात वाद नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला. मुलांनी ‘रिओ’ नावाचा कार्टून सिनेमा पाहिलेला असतो, त्यातला निळा पक्षी म्हणजे स्पिक्सचा मकॉ. ब्राझीलच्या रानात शेवटचा २००० साली दिसला आणि मग नाहीसा झाला. जंगल तुटले हे एक कारण, पिंजऱ्यासाठी पकडले गेले हे दुसरे. पिंजऱ्यांत उरलेल्यांची पैदास करून २०२२ मध्ये काही पक्षी पुन्हा तिथल्या रानात सोडले. आपल्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून निळे-पांढरे-पिवळे जे छोटे पक्षी मिळतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. रानात बजरीगर हिरवा-पिवळाच असतो, बाकीचे रंग माणसाने पिंजऱ्यात पैदास करून काढले आहेत. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे.

आणखी एक गोष्ट आम्ही नातवाला सांगितली, ती त्याला फार आवडली. न्यू गिनी बेटावर ‘स्वर्गीय पक्षी’ राहतात. पिसे अशी की जणू कुणी भरजरी ओढणी पांघरली आहे. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले जहाज १५२२ साली स्पेनला परतले, तेव्हा त्यावर या पक्ष्यांची सुकवलेली कातडी होती. मोलुक्का बेटांतल्या बाचानच्या सुलतानाने ती स्पेनच्या राजाला भेट म्हणून पाठवली होती. तिकडचे लोक कातडी काढताना पाय कापून टाकत. युरोपात गैरसमज पसरला की या पक्ष्याला पायच नसतात, तो कधी जमिनीवर उतरत नाही, स्वर्गातच तरंगतो. पुढे शास्त्रज्ञांनी त्यातल्या एका जातीला जे लॅटिन नाव दिले, त्याचाही अर्थ ‘पाय नसलेला’ असाच आहे. पक्षी रानात पाहिला नाही, नुसता हातात घेतला, की माणसाची अशी फसगत होते.

तर नातवाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे काय आहे?

टोकावडे हे मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मागे सह्याद्रीचे कडे, मध्ये भातखाचरे, मधूनमधून ऐन, साग, उंबर, जांभूळ. फजरची नमाज झाल्यावर आम्ही त्याला घेऊन निघालो. पहिले दोन दिवस तो तोंड फुगवूनच चालत होता, त्याचे कारण पुढे येईल. तिसऱ्या दिवशी उंबराखाली उभे राहिलो. झाड फळांनी लगडलेले, पण पक्षी एकही दिसेना. मग एक पान हलले आणि ते पान नव्हते, हरियाल होता. अंगाचा रंग उंबराच्या पानांत असा मिसळतो की पिवळे पाय हलल्याशिवाय कळत नाही. खांद्यावर जांभळट छटा. कबुतराच्या जातीतला हा पक्षी महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, हे शाळेच्या पुस्तकात नातवाने पाठ केले होते. पाहिला मात्र आत्ता. एकदा नजर बसल्यावर त्या झाडावर त्याने बारा मोजले.

त्यानंतर वही निघाली, खडू निघाले. तांबट आला, तो हिरवा, कपाळाला लाल टिळा, आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा टुक-टुक आवाज. हळद्या आला, नावाप्रमाणेच हळदीचा. ओढ्याकाठी बांबूत स्वर्गीय नर्तक दिसला, दुधासारखा पांढरा नर, डोके काळेभोर, शेपटीच्या दोन फिती वाऱ्यावर उडणाऱ्या. त्याची मादी विटकरी. तारेवर वेडा राघू. खंड्याचा निळा तर नातू मुंब्र्याला खाडीवर रोज पाहू शकतो, फक्त वर बघत नाही. त्याच खाडीत पुढे ठाण्याच्या बाजूला दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. त्यांचा गुलाबी रंग जन्माचा नसतो. पिल्ले राखाडी असतात, पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव खाऊन रंग चढतो.

रंगांवरून त्याने विचारले, निळा रंग कशाचा असतो? मग नीलपंखाचे एक जुने पीस आम्ही त्याच्या हातात दिले. उन्हाकडे पाठ करून पाहिले तर झगझगीत निळे. तेच उजेडासमोर आडवे धरले, तर मळकट तपकिरी. पिसात निळा रंग भरलेला नसतोच. पिसाची आतली रचना अशी बारीक की प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो. असले पीस खलबत्त्यात कुटले तर निळी पूड मिळणार नाही. पोपटाचा हिरवा याहून मजेचा: पिसाच्या रचनेतून आलेला निळा आणि पोपटाच्या अंगात तयार होणारा पिवळा रंग, दोन्ही मिळून हिरवा. तो पिवळा जन्मतः नसला की निळा पोपट निपजतो आणि बाजारात चढ्या भावाने विकला जातो. सूरह फातिरमध्ये डोंगरांच्या, माणसांच्या आणि जनावरांच्या निरनिराळ्या रंगांचा उल्लेख येतो आणि लगेच जाणणाऱ्यांची गोष्ट येते. आम्ही ती आयत किती वेळा वाचली असेल. पीस उजेडाला धरून पाहायचे सुचले ते साठीनंतर.

आता तोंड का फुगले होते ते.

नातू आला त्या संध्याकाळी आम्ही त्याला एक हदीस सांगितली होती. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख पसरून खाली-वर घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) आले, त्यांनी विचारले की हिला हिच्या पिल्लांवरून कुणी दुःख दिले, आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. नातू शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “पण नाना, याची आई कुठे आहे?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. कुठल्या झाडाच्या ढोलीतून काढले, कुणास ठाऊक.

काही वाचक विचारतील, पक्षी पाळणे नाजायज आहे का? तसे म्हणता येणार नाही. ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाची मायेने विचारपूस केली. या हदीसवरून उलेमांनी पक्षी बाळगण्याची मुभा सांगितली आहे, पण दाणा-पाणी आणि देखभालीच्या अटीवर. मांजरीला उपाशी डांबून मारणाऱ्या बाईची हदीसही आपल्या सर्वांना पाठ आहे. तेव्हा घरी जन्मलेला बजरीगर मोठ्या पिंजऱ्यात नीट सांभाळणे वेगळे, आणि रानातल्या ढोलीत हात घालून आईखालची पिल्ले काढणे वेगळे. शिवाय देशी पोपट, मग तो गळ्यात कंठ असलेला असो की लाल डोक्याचा, पकडणे, विकणे आणि घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मकॉसारखे परदेशी पक्षी ठेवायचे तर सरकारकडे नोंद करावी लागते. हे आपल्या मोहल्ल्यांत फार थोड्यांना माहीत असते, आणि ज्यांना माहीत असते तेही ‘एवढ्याने काय होते’ म्हणून सोडून देतात. आम्हीही आयुष्यभर सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. पिंजऱ्याचे दार उघडून पिल्लू उडवून देता आले असते, पण तसे करू नये. हातावर वाढलेल्या पिल्लाला उडण्याचे बळ नसते, मांजर-कावळ्यांची भीती नसते, स्वतःचे अन्न शोधता येत नाही. माणसे आली, पिल्लू घेऊन गेली. नातू माडीवर जाऊन बसला. नानीने खीर केली, ती खाल्ली नाही. “माझ्या ईदीचे होते,” एवढेच म्हणाला. आम्ही त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. त्याचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. पिल्लू त्याचे नव्हते हे खरे, पण ते त्याला विकत घेऊ दिले होते आम्ही मोठ्या माणसांनीच.

अशा मुलांसाठी सलीम अलींची गोष्ट घरात सांगावी. १८९६ साली मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात जन्म. आई-वडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. खेतवाडीत राहणाऱ्या या पोराने एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीची चिमणी नाही, मग खायला चालेल की नाही, अशी शंका आली. मामांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. १९४१ मध्ये त्याच मुलाने लिहिलेले भारतीय पक्ष्यांचे पुस्तक निघाले. आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले. सुरुवात एअरगनने झाली होती, हे त्यांनी लपवले नाही.

मे संपत आला, आभाळ भरू लागले. एका संध्याकाळी मगरिबच्या जरा आधी घरामागच्या उतारावरून शीळ आली. दोन सुरांची, स्पष्ट, कुणी पोराने मारावी तशी. आम्ही म्हणालो, आला. नवरंग हिवाळाभर दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, पावसाच्या तोंडावर रात्रीचा प्रवास करत विणीसाठी इकडे येतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी बोलतो, म्हणून तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. वाटेत थकून किंवा काचेवर आपटून तो शहरातल्या इमारतींत पडलेला सापडतो. तुमच्या गॅलरीत असा पक्षी दिसला तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि १९२६ ला कळवा. चोचीत पाणी ओतू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे उतारावर बसलो. अर्धा तास काहीच नाही. मग पाचोळा सरसरला. नवरंग झाडावर नव्हता, जमिनीवर होता, पाने उलटून किडे शोधत उड्या मारत चालला होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, पांढरा गळा, बदामी पोट, डोळ्यावरून काळा पट्टा, आखूड शेपटीखाली लालभडक. नातू रंग मोजत होता. नऊ भरले नाहीत म्हणून पुन्हा मोजू लागला, तेवढ्यात पक्षी झुडपात गेला.

शाळा सुरू झाली, नातू मुंब्र्याला गेला. वही घेऊन गेला, पिंजरा इथेच राहिला. नानीने त्यात कांदे भरून ठेवले आहेत.

यंदाच्या मे महिन्यात तो आला नाही, क्लास होता. पण विसाव्या तारखेपासून रोज संध्याकाळी फोन यायचा. सलाम करायचा आणि लगेच, “नाना, आला का?” आम्ही म्हणायचो, अजून नाही. सात-आठ दिवस असेच. मग एका संध्याकाळी वजू करत असतानाच उतारावरून शीळ आली. फोन वाजायची वाट आम्ही पाहिली नाही. आम्हीच लावला आणि मागच्या खिडकीबाहेर हात काढून धरला. पलीकडून बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग नातू कुजबुजला, “नाना, फोन ठेवू नका.”